मॅक संगणकासाठी ब्राउझर कोणता निवडावा?

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी सभासदांच्या नित्य उपयोगाचे काहीतरी लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना झाली, तेव्हा विषय शोधण्यासाठी आम्हांस फार दूर जावे लागले नाही. गेल्या वर्षी आपल्याच कार्यालयात घडलेला एक प्रसंग मनात ताजा होता.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा अखेरचा दिवस होता. आपल्या समाजातील एक मुलगी सायंकाळी कार्यालयात आली. घरी संगणक नाही, म्हणून कार्यालयातील मॅकवर ती अर्ज भरू लागली. नाव, पत्ता, गुण सर्व भरून झाले. पण दाखला जोडण्याची वेळ आली तेव्हा बटण दाबले तरी काहीच होईना. आम्ही पुन्हा पुन्हा दाबून पाहिले, संगणक बंद करून चालू केला, पान तयार करणाऱ्यांस मनातल्या मनात दोषही दिला. ह्यात तास गेला. मुलीचा चेहरा उतरला. तेवढ्यात आपला एक तरुण कार्यकर्ता आला. त्याने दुसरा ब्राउझर उतरवून घेतला, तेच पान त्यात उघडले आणि दाखला पहिल्याच प्रयत्नात जोडला गेला. मुदत संपण्यास काही मिनिटेच उरली होती. तो म्हणाला, "काका, पान ठीक आहे. आपली खिडकी जुनी झाली आहे."

एका मुलीचे वर्षभराचे शिक्षण अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीवर अडते, हे पाहून आम्हांस खंत वाटली. आपल्या पुष्कळ घरांत आज मॅक आहे. कोणाच्या मुलाने परदेशातून येताना आपला जुना मॅक आईवडिलांसाठी ठेवून दिलेला असतो, तर कोणाच्या सुनेने कामासाठी नवा घेतलेला असतो. यंत्र चांगले असते, परंतु त्यातून बाहेरच्या जगाकडे पाहण्याची खिडकी कोणती असावी, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो येथे क्रमाने करू.

ब्राउझर म्हणजे काय?

बडोदेकरांस ग्रंथालयाची उपमा सहज पटेल. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था लावली आणि खेडोपाडी ग्रंथांच्या फिरत्या पेट्या पाठविल्या. ग्रंथ कितीही असले, तरी ते वाचकाच्या हाती आणून देणारा कोणी लागतोच. इंटरनेटवरील पानांच्या बाबतीत हे काम ब्राउझर करतो. आपण वरच्या पट्टीत पत्ता लिहितो. ब्राउझर दूरच्या संगणकाकडे ते पान मागतो, आलेली सांकेतिक अक्षरे वाचतो आणि त्यांतून अक्षरे, चित्रे, रकाने व बटणे आपल्यापुढे मांडतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ब्राउझर आणि गूगलसारखे शोधयंत्र ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. शोधयंत्र म्हणजे ग्रंथालयाची सूची, आणि ब्राउझर म्हणजे ग्रंथ आणून देणारा सेवक. सेवक तोच ठेवून सूची बदलता येते. सफारी ब्राउझरमध्ये गूगल हे शोधयंत्र मुळातच लावलेले असते. त्यासाठी गूगलने ॲपलला २०२२ ह्या एका वर्षात सुमारे २००० कोटी डॉलर दिले, असे अमेरिकेतील न्यायालयीन कागदपत्रांतून उघड झाले. यंत्रात जे आधीच लावलेले असते ते बहुतेक लोक बदलत नाहीत, म्हणूनच त्या जागेला एवढे मोल आहे. ह्यावरून वाचकांनी एवढा बोध घ्यावा की, मुळात लावलेली गोष्ट आपल्या सोयीची असेलच असे नाही. ती एकदा पारखून घ्यावी.

थोडा इतिहास

जगातील पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९९० साली जिनीव्हानजीकच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत लिहिला. ज्या यंत्रावर तो लिहिला ते नेक्स्ट कंपनीचे होते, आणि ती कंपनी स्टीव्ह जॉब्ज ह्यांनी ॲपल सोडल्यावर काढली होती. पुढे ॲपलने १९९७ साली नेक्स्ट विकत घेतली आणि तिच्याच कार्यप्रणालीवर आजच्या मॅकची कार्यप्रणाली उभारली. म्हणजे आजचा मॅक हा पहिल्या ब्राउझरच्या घराण्यातलाच म्हणावयाचा.

१९९३ साली इलिनॉय विद्यापीठातील संशोधनकेंद्रात मोझॅक तयार झाला व चित्रांसह पाने पाहण्याची गोडी लोकांस लागली. १९९४ साली नेटस्केप आला. ऑगस्ट १९९७ मध्ये ॲपल व मायक्रोसॉफ्ट ह्यांचा करार होऊन मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर हाच मॅकचा मुख्य ब्राउझर ठरला. त्यानंतर जानेवारी २००३ मध्ये ॲपलने स्वतःचा सफारी पुढे आणला, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने मॅकसाठीच्या एक्स्प्लोररचे काम थांबविले. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. गूगलचा क्रोम विंडोजवर २००८ साली आला, पण मॅकवर त्याची स्थिर आवृत्ती येण्यास २०१० साल उजाडले.

ह्या इतिहासाचा उपयोग असा की, एके काळी सर्वांच्या यंत्रावर असलेला ब्राउझरही नामशेष होतो. कोणत्याही एका नावाशी जन्माची गाठ बांधण्याचे कारण नाही.

तीन इंजिने

बाजारात ब्राउझर पुष्कळ दिसतात. परंतु पान मांडणारे जे आतील यंत्र, ज्याला इंजिन म्हणतात, ते प्रमुख असे तीनच आहेत.

पहिले वेबकिट. हे ॲपलचे असून सफारी ह्यावर चालतो. दुसरे ब्लिंक. हे २०१३ साली गूगलने वेबकिटपासूनच वेगळे काढले. क्रोम, मायक्रोसॉफ्टचा एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि विवाल्दी हे सर्व ब्लिंकवर चालतात. तिसरे गेको. हे मोझिला ह्या संस्थेचे असून फायरफॉक्स त्यावर चालतो.

म्हणून एखादे पान क्रोममध्ये उघडत नसेल, तर ते एजमध्ये उघडून पाहण्यात फारसा अर्थ नाही. इंजिन तेच आहे. इंजिन बदलेल असा दुसरा ब्राउझर घ्यावा. सफारीत अडले तर क्रोम किंवा फायरफॉक्स, आणि क्रोममध्ये अडले तर सफारी किंवा फायरफॉक्स, असा क्रम ठेवावा.

प्रमुख ब्राउझरांचे गुणदोष

सफारी हा मॅकबरोबरच येतो. तो त्याच यंत्रासाठी घडविलेला असल्यामुळे बॅटरी बेताने वापरतो, आणि घरात आयफोन असेल तर पासवर्ड व खुणा दोन्हीकडे आपोआप एकसारख्या राहतात. आपला माग काढणाऱ्या परक्या जाहिरातदारांस अडविण्याची सोय त्यात २०१७ पासून आहे, आणि मार्च २०२० पासून तो परक्या स्थळांच्या कुकी मुळातच नाकारतो. कुकी म्हणजे एखाद्या स्थळाने आपली ओळख पटावी म्हणून आपल्या यंत्रात ठेवलेली चिठ्ठी. ज्या स्थळाला आपण भेट दिली त्याची चिठ्ठी उपयोगाची असते. परंतु त्या पानावर जाहिरात लावणाऱ्या तिऱ्हाइताने ठेवलेली चिठ्ठी घरोघर आपला पाठलाग करते.

सफारीचा मोठा दोष असा की, त्याचे आयुष्य मॅकच्या कार्यप्रणालीशी बांधलेले आहे. ॲपल साधारणपणे नवी कार्यप्रणाली व तिच्या आधीच्या दोन एवढ्यांनाच सफारीच्या नव्या आवृत्त्या देते. उदाहरणार्थ, २०१९ सालची कॅटालिना कार्यप्रणाली ज्यांच्या मॅकवर अडकून राहिली, त्यांचा सफारी २०२२ साली पंधराव्या आवृत्तीवरच थांबला. आपल्या कार्यालयातील त्या सायंकाळचे मूळ ह्यातच होते. दुसरे असे की, अँड्रॉइड फोनवर सफारी मिळत नाही.

क्रोम हा सर्वांत अधिक वापरला जाणारा ब्राउझर होय. त्यामुळे नवी स्थळे तयार करणारे लोक प्रथम क्रोमवर पान तपासतात, आणि अडचण येण्याचा संभव त्यात कमी असतो. अँड्रॉइड फोनशी त्याचा मेळ उत्तम बसतो. परंतु अनेक पाने एकाच वेळी उघडी ठेवली तर तो यंत्राची स्मृती पुष्कळ व्यापतो. गूगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे, हेही ध्यानात ठेवावे. परक्या कुकी बंद करण्याचा मनोदय गूगलने २०२० साली जाहीर केला होता. जुलै २०२४ मध्ये तो मागे घेतला. शिवाय जाहिराती रोखणारी जुन्या पद्धतीची पूरक साधने क्रोममध्ये आता चालत नाहीत. त्यांच्या मर्यादित शक्तीच्या आवृत्त्याच चालतात.

फायरफॉक्स हा ना ॲपलचा, ना गूगलचा. त्यामागे मोझिला ही ना-नफा संस्था आहे. धर्मादाय कार्य करणाऱ्या आपल्यासारख्यांस तिच्याविषयी आपुलकी वाटणे साहजिक आहे. परंतु तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलकडूनच शोधयंत्राच्या करारापोटी येतो, हेही सांगितले पाहिजे. परक्या कुकी प्रत्येक स्थळाच्या निराळ्या डब्यात कोंडून ठेवण्याची त्याची पद्धत २०२२ पासून सर्वांस मुळातच लागू आहे. जाहिराती रोखणारी पूर्ण शक्तीची साधने त्यात चालतात. सफारी थांबलेल्या जुन्या मॅकवरही तो पुढे काही वर्षे नवी दुरुस्ती देत राहतो. उणेपणा एवढाच की, काही थोडी स्थळे केवळ क्रोम डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली असतात, आणि तेथे तो अडखळतो.

एज मॅकवर जानेवारी २०२० पासून ब्लिंकच्या रूपात आहे. ज्यांच्या कचेरीत मायक्रोसॉफ्टची व्यवस्था आहे त्यांस तो सोयीचा पडतो. ब्रेव्ह जाहिराती आरंभापासूनच रोखतो. विवाल्दी बारीकसारीक फेरफार करण्याची हौस असणाऱ्यांसाठी आहे. इतरांविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

निवड कशी करावी?

सर्वांत उत्तम कोणता, ह्या प्रश्नास एकच उत्तर नाही. पुढील चार प्रश्न आपणच आपल्याला विचारावेत.

पहिला : माझ्या मॅकला अजून दुरुस्त्या मिळतात काय? पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातील सफरचंदाच्या खुणेवर दाबून मॅकविषयीची माहिती उघडावी; तेथे कार्यप्रणालीचे नाव व आवृत्ती दिसते. ॲपलने नोव्हेंबर २०२० पासून स्वतःच्या चिपचे मॅक आणले. त्याआधीचे मॅक इंटेलच्या चिपचे आहेत. इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची मोठी कार्यप्रणाली २०२५ सालची टाहो ही होय, असे ॲपलने जाहीर केले आहे. म्हणून इंटेलचा मॅक असणाऱ्यांनी आतापासूनच फायरफॉक्स किंवा क्रोमची ओळख करून घ्यावी. कार्यप्रणालीच फार जुनी असेल तर मात्र ब्राउझर बदलल्याने सर्व धोका टळत नाही; तशा यंत्रावर बँकेचे काम करू नये.

दुसरा : माझा फोन कोणता? मॅक आणि आयफोन असेल तर सफारी सोयीचा. मॅक आणि अँड्रॉइड फोन असेल, आणि आपल्याकडे पुष्कळांचे तसेच आहे, तर क्रोम किंवा फायरफॉक्स दोन्हीकडे ठेवावा. म्हणजे फोनवर केलेली खूण मॅकवर सापडते.

तिसरा : मी कोणती कामे करतो? बँक, निवृत्तिवेतन, रेल्वेचे आरक्षण, मुलांच्या परीक्षांचे अर्ज, ही जी चार-पाच स्थळे आपल्या नित्याची असतील ती प्रत्येक ब्राउझरमध्ये उघडून पाहावीत. दाखला जोडता येतो काय, पावती छापता येते काय, मराठी अक्षरे नीट दिसतात काय, हे प्रत्यक्ष पाहावे. पूर्वी अनेक मराठी स्थळे आपापल्या खास टंकांवर चालत, आणि तो टंक नसल्यास मॅकवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. युनिकोडचा प्रसार झाल्यापासून तो त्रास गेला, आणि देवनागरीच्या बाबतीत तिन्ही इंजिने समाधानकारक आहेत.

चौथा : यंत्रावर भार किती पडतो? मॅकमध्ये ॲक्टिव्हिटी मॉनिटर नावाचे साधन आहे. त्यात स्मृती आणि ऊर्जा असे विभाग असतात. तीच पाने प्रथम एका व मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून तेथील आकडे पाहावेत. दुसऱ्याच्या यंत्रावरील अनुभवापेक्षा आपल्या यंत्रावरील हा आकडा अधिक खरा.

आमचा सल्ला

सामान्य कुटुंबासाठी आमचा सल्ला असा की, निरनिराळ्या इंजिनांचे दोन ब्राउझर ठेवावेत. एक नित्याचा, एक अडीअडचणीचा. मॅक नवा असेल तर नित्याचा सफारी व राखीव फायरफॉक्स किंवा क्रोम. मॅक जुना असेल तर नित्याचा फायरफॉक्स व राखीव क्रोम. दोहोंपेक्षा अधिक ठेवल्यास पासवर्ड कोठे जपले ते आठवत नाही, आणि दुरुस्त्या करावयाच्या राहून जातात. क्रोम व फायरफॉक्स आपल्या दुरुस्त्या स्वतः आणतात, पण त्या लागू होण्यासाठी ब्राउझर अधूनमधून पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा लागतो. सफारीच्या दुरुस्त्या सिस्टिम सेटिंग्जमधील सॉफ्टवेअर अपडेटमधून येतात. नवा ब्राउझर उतरवून घेताना तो ज्याचा आहे त्याच्याच स्थळावरून घ्यावा. वाटेत भेटणाऱ्या जाहिरातीवरून कधीही घेऊ नये.

नित्याचा ब्राउझर कोणता हे मॅकला सांगण्याची जागा, अलीकडच्या कार्यप्रणालींत, सिस्टिम सेटिंग्जमधील डेस्कटॉप अँड डॉक ह्या विभागात आहे. जुन्या ब्राउझरमधील खुणा नव्यात सहज आणता येतात. पासवर्ड आणताना मात्र ते साध्या वाचता येणाऱ्या यादीच्या रूपाने बाहेर पडतात. काम होताच ती यादी पुसून टाकावी आणि कचऱ्याची पेटीही रिकामी करावी. ती कोणास ईमेलने पाठवू नये.

दोन धोके

कितीही चांगला ब्राउझर असला तरी माणसाच्या भीतीवर त्याचा इलाज नाही. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांच्या पडद्यावर एके दुपारी लाल चौकट आली : आपल्या मॅकमध्ये विषाणू शिरला आहे, अमुक क्रमांकावर ताबडतोब फोन करा. सोबत कर्कश आवाज. ते घाबरले आणि फोन हाती घेतला. सुदैवाने त्यांच्या पत्नी शेजारी होत्या. त्या म्हणाल्या, "आधी मुलाला विचारा, मग फोन करा." तेवढ्याने त्यांची आयुष्यभराची पुंजी वाचली.

हे सर्वांनी पक्के ध्यानात ठेवावे की, इंटरनेटवरील कोणतेही पान आपल्या मॅकची तपासणी करून विषाणू शोधू शकत नाही. तसे सांगणारे पान खोटे. ते बंद करावे. बंद होत नसेल तर कमांड, ऑप्शन आणि एस्केप ह्या तीन कळी एकदम दाबाव्यात व यादीतून ब्राउझर निवडून तो बळाने बंद करावा. सफारी पुन्हा उघडताना शिफ्ट कळ दाबून धरावी, म्हणजे तेच पान परत उभे राहत नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता त्याच घटकेस १९३० ह्या सरकारी क्रमांकावर तक्रार करावी. जितका वेळ जाईल तितकी रक्कम थांबविणे कठीण होते.

दुसरा धोका खाजगी खिडकीविषयीच्या गैरसमजाचा. खाजगी खिडकीत आपण काय पाहिले ह्याची नोंद त्या यंत्रात राहत नाही, एवढेच. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीपासून किंवा त्या स्थळापासून आपण लपत नाही. मात्र सामाईक यंत्रावर तिचा उपयोग मोठा आहे. आपल्या कार्यालयातील मॅकवर अर्ज भरणाऱ्यांनी खाजगी खिडकीच उघडावी, पासवर्ड जपून ठेवू का असे विचारल्यास नकार द्यावा, आणि काम संपताच खिडकी बंद करावी. उतरवून घेतलेले दाखले व पावत्या मात्र यंत्रात राहतात. त्या आठवणीने पुसाव्यात.

समारोप

त्या प्रसंगानंतर कार्यालयातील मॅकवर दोन ब्राउझर ठेवले आहेत. महिन्याच्या पहिल्या तारखेस दोन्हींच्या दुरुस्त्या तपासून भिंतीवरील कागदावर तारीख लिहिण्याचा प्रघात पाडला आहे. खर्च काहीच आला नाही. हे सर्व ब्राउझर विनामूल्य मिळतात. लागते ती फक्त थोडी शिस्त.

पन्नास वर्षांपूर्वी संस्थेच्या संस्थापकांनी विद्यार्थ्यांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा अर्ज कागदावर लिहिले जात आणि ते वेळेवर पोहोचावेत म्हणून कार्यकर्ते स्वतः सायकलवरून जात. आज तेच काम पडद्यावरील एका खिडकीतून होते. खिडकी बदलली, कर्तव्य बदलले नाही. आपल्या घरातील व कार्यालयातील ही खिडकी स्वच्छ आणि उघडी राहो, आणि मुदतीच्या शेवटच्या घटकेस कोणत्याही मुलीचा चेहरा पुन्हा उतरू नये, एवढीच ह्या शुभप्रसंगी आमची इच्छा आहे.